तीनपर्यंत मोजायचं

१

दर तासाला एकदा. बोट ठेवायचं, हलकेच दाबायचं, सोडायचं. दाबलेली जागा पांढरी पडते. सोडल्याबरोबर मोजायला लागायचं. दोन-तीनपर्यंत गुलाबी रंग परत आला की वहीत वेळ लिहून पुढे बरोबरची खूण करायची. रंग यायला उशीर झाला, किंवा ‘एक’ म्हणायच्या आतच आला, तर सिस्टरना हाक मारायची.

हे काम मला आईच्या डॉक्टरांनी, नीला मॅडमनी दिलं होतं. रात्रीचं सिस्टर बघत, दिवसाचं माझ्याकडे. मला मोठ्याने बोलता येत नाही, पण बघता येतं, हे त्यांच्या पहिल्याच भेटीत लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्या वडिलांना, अप्पांना, काही सांगितलं नाही, मलाच सांगितलं.

एप्रिलमध्ये कडबा कापायच्या यंत्राच्या पट्ट्यात आईचा उजवा हात ओढला गेला. बोटं वाचली, पण हाताच्या पाठीवरची कातडी मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत निघून गेली. आतल्या पांढऱ्या दोऱ्या उघड्या पडल्या. बोटं त्यांच्यावर हलतात, हे मला तेव्हा कळलं.

माझी आई, सत्यशीला, बदनापूरजवळच्या आमच्या गावात मिरचीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग करते. कळी उमलायच्या आधी ती चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे आणि मग दुसऱ्या जातीचे पराग लावायचे. कळी मुगाच्या दाण्याहून जरा मोठी. जोर जास्त झाला तर गळून पडते. आईने उघडलेल्या कळ्या गळत नाहीत. नवीन बायकांना शिकवायला मुकादम तिलाच बोलावतो.

“हात वाचंल ना, मॅडम?” अप्पांनी विचारलं होतं.

“त्या दोऱ्यांवर जिवंत कातडी घालावी लागेल. नाही तर त्या सुकतील आणि बोटं उघडणार नाहीत.” मॅडमनी जांभळ्या पेनाने आईच्या कोपराखाली पत्त्याएवढा चौकोन काढला. “ही कातडी उचलायची, पण तोडायची नाही. तिच्या रक्तवाहिनीसकट उचलायची आणि मनगटाशी जोडलेली ठेवायची. मग वहीचं पान उलटावं तशी खाली हातावर आणायची. याला आम्ही फ्लॅप म्हणतो. वरच्या रिकाम्या जागी मांडीची पातळ साल लावू.”

“तिचीच कातडी तिलाच?”

“तिचीच. परक्याची अंग धरत नाही.”

सोमवारी पाच तास ऑपरेशन चाललं. मंगळवारी सकाळी पट्टीत ठेवलेल्या चौकोनी खिडकीतून मी तो फ्लॅप पाहिला. आईच्या कोपराखालचा तीळ आता मधल्या बोटाच्या मुळाशी होता. टाके इतके सारखे होते की मी श्वास रोखून ते मोजले. एकवीस होते.

“हिला सध्या काही कळणार नाही हं,” मॅडम म्हणाल्या. “तू दाबलंस तरी आईला समजणार नाही. त्या कातडीला जाणीव यायला महिने लागतात. म्हणून तर डोळ्यांनी बघायचं.”

२

दवाखाना जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या गल्लीत आहे. सकाळभर खाली हमालांचा आणि रिक्षांचा गोंगाट असे. दुपारी दोननंतर गल्ली गप्प होई. बायकांच्या वॉर्डात सहा खाटा होत्या, त्यातल्या दोनच भरलेल्या. कूलरचं तोंड मी भिंतीकडे वळवून ठेवलं होतं, कारण गार वारा फ्लॅपला चालत नाही. तो भिंतीवर फुंकर घालत बसे.

शेजारच्या खाटेवर नाजिया नावाची बाई होती, पाय मोडलेली. तिची सासू सरदारबी दिवसभर तिच्या उशाशी बसून पान कुटायची आणि माझ्याकडे बघायची.

“ये पोरी, अप्पाचं घड्याळ घालून फिरून राह्यलीस. डाक्टरीन होनार का?”

मी मान हलवली.

“बोलत न्हाई का तू? आमच्या नाजियाला बघ. पाय मोडला पन जबान साबूत!”

“अम्मा, तुम्ही गप बसा,” नाजिया म्हणाली. “त्या बाईला झोपू द्या.”

“बसते की. मी कुटं नाचून राह्यले?”

थोड्या वेळाने त्या दोघींनाही झोप लागली. आईही झोपली होती. तिचा हात दोन उशांवर उंच ठेवला होता. शबनम सिस्टर लांबच्या टेबलाशी आमच्याकडे पाठ करून कागद भरत होत्या.

तीन वाजले. मी बोट पुसलं आणि पट्टीतल्या खिडकीवर वाकले.

तिळाच्या शेजारी एक पांढरा गोल होता. अंगठ्याएवढा. मी बघत असतानाच तो कडेने गुलाबी होत गेला आणि मिटला.

मी अजून हात लावला नव्हता.

आधी मला वाटलं की सिस्टर येऊन गेल्या. पण त्या उठल्या असत्या तर खुर्चीची करकर झाली असती. मग वाटलं, उन्हाचा कवडसा असेल. पण वॉर्डाच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. मी त्याच जागी दाबलं, सोडलं, मोजलं. तीन. वहीत लिहिलं: ‘३.००, गुलाबी, कोमट.’ बरोबरची खूण केली. दुसरं काही लिहिलं नाही. जे दुसऱ्याला दाखवता येत नाही ते वहीत लिहू नये, असं मला वाटलं.

३

बुधवारी दुपारी आई जागी होती. वरणभात तिने माझ्या हातून खाल्ला होता आणि मीठ कमी आहे म्हणून अप्पांच्या डब्याला नावं ठेवली होती, म्हणजे तिला बरं वाटत होतं.

“अक्षू, आत्ता दाबलंस ते लई हळू दाबलंस. असंच दाबत जा.”

मी खाली वाकून पिशवीत कंगवा शोधत होते.

“कुठे दाबलं, आई?”

“हे काय, कोपराखाली.”

कोपराखाली जाड पट्टी होती. मांडीची साल लावलेली ती जागा कोणी उघडतही नव्हतं. मी खाटेजवळ गेले आणि फ्लॅपच्या मधोमध बोट दाबलं. “हे कळलं?”

“काय?”

“मी आत्ता दाबलं ते.”

“न्हाई. कवा दाबलंस?”

मग मी हात मागे घेतले आणि दोन्ही मांडीखाली घालून स्टुलावर बसले. का, ते मला सांगता येणार नाही. कूलरचं पाणी टपटपत होतं. सरदारबी खलबत्त्यात सुपारी ठेवून तशीच पेंगत होती.

“हां,” आई डोळे मिटून म्हणाली. “हे कळलं.”

मी पाहिलं. तिळाच्या शेजारी पांढरा गोल होता. एक, दोन, तीन. गोल गेला.

संध्याकाळी मॅडम आल्या. तोंडाने विचारायला मला जमलं नसतं, म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं: ‘आईला फ्लॅपचा दाब कोपराखाली कळतो. असं होतं का?’

मॅडमनी उभ्याउभ्या वाचलं. त्यांना प्रश्न आवडला. “छान निरीक्षण आहे. कातडी खाली आली, पण मेंदूला पत्ता बदलल्याचं कुठे माहितीय? पुढे जाणीव आल्यावर असं नक्की होऊ शकतं. आत्ता मात्र इतक्या लवकर...” त्यांनी स्वतः दाबून पाहिलं. “कळतंय का, ताई?”

“न्हाई, मॅडम.”

“मग भास असेल. औषधं जोरदार आहेत.”

प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मी लिहिलाच नव्हता. मॅडमबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांनी मला वेडी समजावं, हे मला सोसलं नसतं.

४

त्यानंतर मी नीट बघायला लागले.

न दिसणाऱ्या त्या बोटाचा क्रम ठरलेला होता. आधी तिळाजवळचा कोपरा. मग अंगठ्याकडचा. मग मनगटाकडचे दोन. शेवटी मध्यभाग. टाक्यावर एकदाही दाब पडला नाही, टाक्याच्या कडेलाही नाही. मी दाबायची तेव्हा कातडी जराशी ओढली जायची. ते दाबायचं तेव्हा कातडी हलायचीसुद्धा नाही, फक्त रंग जायचा. पांढरा गोल कडांनी एकसारखा असायचा. एवढं हलकं बोट मी मॅडमचंच पाहिलं होतं, आणि प्लॉटवर आईचं.

मीही त्याच क्रमाने दाबायला लागले. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण माझा हात त्यामुळे सुधारला. शबनम सिस्टर म्हणाल्या, “तुला तर ट्रेनिंगच नको.”

ते दाबून सोडायचं तेव्हा मी मोजायची. ओठातल्या ओठात. कोणी तरी मोजायला हवं, असं वाटायचं.

मी स्वतःला समजावत असे. उन्हाळा आहे, मला झोप कमी पडते, आईचं रक्त नव्या वाटेने वाहतंय म्हणून रंग जात-येत असेल. ही कारणं वाईट नव्हती. पण रक्ताला कोपरे कसे कळतील? आणि पाच जागा झाल्यावर ते थांबायचं का?

वॉर्डात मला भीती वाटत नव्हती, हेच विचित्र होतं. भीती जिन्यात वाटायची, पाण्याची बाटली भरून परत येताना. एवढ्या मायेने कोणी रोज हात तपासत असेल, तर ते कशाची वाट बघतंय? मी दाबायची ते हात जगतोय का, हे बघायला. ते दाबतंय ते कशासाठी?

मग मी पायऱ्या दोन-दोन चढायची.

५

शनिवारी अडीच वाजता क्रम मोडला.

ते मनगटाजवळ आलं, अंगठ्याकडच्या बाजूला, आणि तिथेच राहिलं. दाबलं, सोडलं. पुन्हा तिथेच. पुन्हा. मोजायला वेळच मिळेना. आणि आज दाब हलका नव्हता. कातडी खाली जात होती.

“अगं, दुखतंय,” आई म्हणाली. “कोपराखाली. अक्षू, हात काढ.”

माझे हात माझ्याजवळ होते. मी वाकून पाहिलं. त्या जागेचा गुलाबी रंग गेला होता. वांग्याच्या देठाजवळ असतो तसा रंग आला होता, बोटभर रुंद, टाक्यांच्या आतून वर चढणारा. मी स्वतः दाबलं. ‘एक’ म्हणायच्या आत रंग परत आला.

“सिस्टर,” मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. मी जाऊन त्यांचा हात धरला.

त्यांनी छोट्या डॉक्टरांना बोलावलं. मुकुल नावाचे ते डॉक्टर मोबाइल खिशात टाकत आले आणि त्यांनी फ्लॅपच्या मधोमध दाबलं. “इथे ठीक आहे. कडेला थोडी सूज असते. मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत, पाचच्या राउंडला दाखवू.”

“पाचला उशीर होईल,” मी म्हणाले. पण ते माझ्या तोंडातच राहिलं असावं, कारण ते निघून गेले.

आणि त्यांच्या पाठीमागे त्याच जागी पुन्हा पांढरा गोल उमटला. पुन्हा. पुन्हा. दार ठोठावावं तसं.

मी धावत गेले. ऑपरेशनच्या खोलीचं दार हिरवं आहे आणि त्यावर आत यायला मनाई लिहिलेलं आहे. मी दोन्ही हातांनी ते बडवलं आणि ओरडले, “मॅडम! हात जांभळा पडतोय! नीला मॅडम!” माझा आवाज जिन्यात घुमला आणि मला तो ओळखूच आला नाही.

मागून सरदारबी म्हणाली, “या अल्ला, पोरीला आवाज हाय की!”

मॅडम तोंडावरचा मास्क न काढता आल्या. एका नजरेत त्यांनी पाहिलं, कात्री मागितली आणि मनगटाजवळचे दोन टाके कापले. आत साकळलेलं काळं रक्त बाहेर आलं. त्यांनी ते पुसलं, थांबल्या, दाबलं आणि मोठ्याने मोजलं. “एक... दोन... तीन.”

गुलाबी.

आई रडत होती. मॅडमनी तिचं कपाळ पुसलं. मुकुल डॉक्टरांना त्या एवढंच म्हणाल्या, “पाचला ही कातडी राहिली नसती.” मग मला जवळ घेतलं. त्यांच्या गाउनला औषधाचा वास येत होता. तो मला अजून आवडतो.

“सगळे मधे बघतात. तू त्या कोपऱ्यात कसं बघितलंस?”

“तिथेच दाबलं जात होतं,” मी म्हणाले.

“कोण दाबत होतं?”

मी वही उघडून वेळ लिहायला घेतली. मग बेसिनवर मॅडम बराच वेळ हात धूत उभ्या होत्या.

६

घरी आल्यावर ते थांबेल असं मला वाटलं होतं. थांबलं नाही. दुपारी आई ओट्यावर आडवी झाली की पाच जागा व्हायच्या, क्रमाने.

आईला त्याचं काही वाटायचं नाही. “आली बघ माझी सिस्टर,” ती हसून म्हणायची. “शबनमपेक्षा गुणाची हाय. पगार न्हाई, च्या न्हाई, सुट्टी न्हाई.”

“आई, तुला भीती नाही वाटत?”

“हात वाचवला तिनं माझा. मंग भ्यायचं कशाला?”

त्याने हात वाचवला, हे खरंच होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. फ्लॅप पक्का झाला होता, टाके निघाले होते, बोटं वळू लागली होती. मोजायची गरज नाही असं मॅडमनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी वही कपाटात ठेवली. दुपारी मी शाळेत असायची.

जुलैमध्ये एका रविवारी आई ओट्यावर डाळ निवडत होती. मध्येच तिचा हात थांबला.

“काय झालं?”

“धरलंय,” ती म्हणाली. ती हसत नव्हती. “आजकाल सोडायला येळ लावती. तू शाळेत जायला लागलीस तवापासून.”

तिळाशेजारचा गोल पांढराच होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मोजायला सुरुवात दाब सुटल्यावर करायची असते. बऱ्याच वेळाने तो सुटला.

७

ऑगस्टमध्ये मुकादमाचा निरोप आला की प्लॉटवर कळ्या लागल्या आहेत, सत्यशीलाबाई येणार का. आई म्हणाली, मॅडमनी हो म्हटलं तरच. दवाखान्याला जाताना तिने ओल्या रुमालात मिरचीची एक फांदी गुंडाळून घेतली.

“हे काय, ताई?” मॅडमनी विचारलं.

“तुमी हात दिला. त्यो काय करतो ते बघा तरी.”

तपासणीच्या खोलीत आम्ही तिघीच होतो. आईने टेबलावर रुमाल पसरला, चिमटा उजव्या हातात घेतला आणि एक कळी डाव्या बोटांत धरली. चिमट्याच्या टोकाने पाकळीची कड उचलली. एक पुंकेसर काढला. दुसरा. फांदी हललीसुद्धा नाही. मॅडम चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघत होत्या. मी त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ उभी होते. पाचही पुंकेसर निघाले आणि कळी होती तशी राहिली.

“मी हे करू शकले नसते,” मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “जा कामाला. फक्त इथे जपा.” त्यांनी आईच्या मनगटाला, करंगळीच्या बाजूला, बोट लावलं. “एक मोठी वाहिनी आपण फ्लॅपला दिली. आता सगळा हात या एकीवर जगतो. इथे मार लागू देऊ नका.”

त्यांनी बोट काढलं. आईने दुसरी कळी धरली.

करंगळीच्या बाजूला, मॅडमनी दाखवलं तिथेच, कातडीत खळगा पडला. खोल. मग मनगटाच्या दुसऱ्या बाजूला एकाखाली एक चार खळगे पडले, माझ्या बोटांहून बारीक.

आईची बोटं टोकाकडून पांढरी होत गेली. मग तळवा. मग फ्लॅप, तिळासकट. चिमटा टेबलावर पडला.

“धरलंय,” आई म्हणाली. “मॅडम, सोडत न्हाई.”

मॅडमना ते दिसत होतं. त्यांनी मनगटावर हात ठेवला, काही तरी उचलून बाजूला करावं तसा फिरवला, आणि त्यांच्या हाताला काही लागलं नाही. त्यांनी आईचा हात वर धरला, खाली धरला, चोळला. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. घाबरल्या तरी त्यांचे हात काम करत होते. आईची नखं दह्यासारखी झाली होती. आई बोटं मिटायला बघत होती आणि ती मिटत नव्हती.

मला त्या हिरव्या दाराशी ओरडले होते तसं ओरडायचं होतं. पण जेमतेम श्वास बाहेर पडला, त्याच्यावर मी शब्द ठेवले.

“हात बरा झालाय. तुम्ही बरा केलात. आता सोडा.”

खळगे भरून आले. आधी चार, मग एक. रंग तळव्यातून निघाला आणि बोटांच्या टोकांपर्यंत गेला. मी दात आवळून धरले होते, आकडा तोंडातून निघू नये म्हणून; मी मोजलं तर ते पुन्हा दाबेल असं वाटत होतं. आईने मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. तिने टेबलावरचा चिमटा उचलला आणि छातीशी धरला.

खोलीत पंखा फिरत होता. मॅडम आईचं मनगट हातात घेऊन उभ्या होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेलाच होता.

“तुझे ओठ हलले,” त्या म्हणाल्या. “मला ऐकू नाही आलं. काय म्हणालीस, अक्षता?”